आमचा पत्ता चुकला

संपादक मंडळाने यंदाच्या अंकासाठी आमच्याकडे लेख मागितला, तेव्हा 'वाचनाचे महत्त्व' किंवा 'वर्षाऋतूतील कणकुंबी' यांसारख्या एखाद्या सालस विषयावर आम्ही चार पाने लिहून देऊ अशी त्यांची अपेक्षा असावी. ती रास्तही आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर, शाळेत मराठी आणि इतिहास हे विषय शिकवतो, आणि गणिताशी आमचा संबंध दहावीच्या परीक्षेनंतर सलोख्याने संपुष्टात आला होता. अशा मनुष्याने संगणकाच्या पोटातील पत्त्यांविषयी लिहावे हा आगाऊपणाच होय. परंतु या विषयात आमच्यावर एका विद्यार्थ्याचे ऋण आहे. ते ज्या शाळेत झाले, त्याच शाळेच्या वार्षिकात त्याची नोंद व्हावी, असे आम्हाला फार दिवस वाटत आले आहे.

संगणकाची खोली आमच्याकडे कशी आली हे सांगण्यासारखे नाही. आडगावच्या शाळेत जे काम कोणाचेच नसते, ते भाषेच्या शिक्षकाचे असते. किल्ली हाती आली, खोलीत चार यंत्रे होती, त्यांतील दोन चालत होती. मुले उत्सुक आणि आम्ही अडाणी, असा तो संसार सुरू झाला. पहिल्या वर्षी आम्ही मुलांच्या एक धडा पुढे असू, दुसऱ्या वर्षी त्यांच्याबरोबर होतो, आणि त्यानंतर काय झाले ते पुढे येईलच.

आमच्या गावाचे एक वैशिष्ट्य बाहेरच्या वाचकांसाठी सांगावयास हवे. कणकुंबी हे खानापूर तालुक्यातले, बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. सह्याद्रीचा माथा येथे इतका अरुंद आहे की, दोन शेजारच्या उतारांवर पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. येथेच मलप्रभा उगम पावते. ती पूर्वेस खानापुरावरून, सौंदत्तीवरून वाहत कुडलसंगम येथे कृष्णेस मिळते, आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरास जाते. कळसा नाल्याचे पाणी मात्र पश्चिमेस म्हादईत उतरते, आणि तीच म्हादई गोव्यात मांडवी होऊन पणजीपाशी अरबी समुद्रास भेटते. या पाण्याच्या वाटणीवरून राज्याराज्यांत किती वर्षे वाद चालला हे आपण वाचलेच आहे. १४ ऑगस्ट २०१८ रोजी म्हादई जलविवाद लवादाने निवाडा देऊन कर्नाटकास एकंदर १३.४२ अब्ज घनफूट पाणी दिले, त्यात कळसाचे १.७२ होते. निवाड्याच्या बऱ्यावाईटाचा विचार येथे कर्तव्य नाही. परंतु त्या दिवसांत वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखविताना एका मुलाने विचारले, "सर, आपल्या शाळेच्या कौलांवर किती पडतो?" आम्ही निरुत्तर झालो. ज्या पाण्याचे अब्जांनी हिशेब होत होते, ते जेथे पडते तेथे बसून आम्हाला त्यातील एका इंचाचाही हिशेब ठाऊक नव्हता.

तेथून पर्जन्यमापकाची कल्पना निघाली. साधा मापक प्रथम केला: नरसाळे, बाटली आणि काचेचे मोजपात्र. हवामान खात्याच्या रिवाजाप्रमाणे रोज सकाळी साडेआठ वाजता मोजायचे आणि वहीत लिहायचे. हे काम गावातील मुले नेमाने करीत. परंतु यातून दिवसाचा पाऊस कळतो, तासाचा कळत नाही. आणि आमच्या त्या विद्यार्थ्याला हवा होता तो तासाचा. त्याची मावशी खानापुरात, नदीपासून हाकेच्या अंतरावर राहते. कणकुंबीस मध्यरात्री ढग फुटले तर मावशीच्या दारी पाणी किती तासांनी चढेल, असा त्याचा प्रश्न होता. त्याचे घर जंगलातील एका वाडीवर. वडील पावसाळ्यात शेती आणि उन्हाळ्यात मिळेल ते काम करणारे. घरची भाषा कोकणी. वर्गात तो फारसा बोलत नसे. हा एक प्रश्न मात्र त्याने तीन वेळा विचारला.

तासाचा पाऊस मोजायचा तर रात्रभर जागणारा कोणी तरी हवा. तो जागल्या म्हणून आम्ही 'रास्पबेरी पाय' नावाचा छोटा संगणक योजला. इंग्लंडातील केंब्रिजच्या एका संस्थेने शाळकरी मुलांसाठी काढलेला हा तळहाताएवढा फलक २०१२ सालच्या २९ फेब्रुवारीस प्रथम विक्रीस आला. त्याच्या कडेला धातूच्या सुयांची रांग असते, आणि त्या सुयांना बाहेरच्या तारा जोडता येतात. नरसाळ्याखाली आम्ही एक हेलकावणारे द्रोण बसविले: दोन कप्प्यांचे, मधोमध टेकलेले, लहान मुलांच्या सी-सॉसारखे. एक कप्पा भरला की ते त्या बाजूस कलंडते, पाणी सांडते, दुसरा कप्पा धारेखाली येतो. नरसाळ्याचे तोंड वीस सेंटिमीटर व्यासाचे, म्हणजे क्षेत्र ३१४ चौरस सेंटिमीटर. कप्पा सव्वासहा घनसेंटिमीटरांच्या किंचित वर भरला म्हणजे ०.२ मिलिमीटर पाऊस झाला. द्रोणास एक लोहचुंबक चिकटविलेला असतो. तो कलंडताना काचेच्या नळीतील दोन पात्यांपुढून जातो, पाती क्षणभर एकमेकींस चिकटतात, आणि सतराव्या क्रमांकाच्या जोडणीवरील वीज क्षणभर जमिनीस मिळते. प्रत्येक हेलकाव्यास एक टिचकी, आणि टिचक्या मोजायच्या. बॅटरी एका जुन्या स्कूटरची होती.

आता खरा विषय आला. ती टिचकी कार्यक्रमाला, म्हणजे मुलांनी लिहिलेल्या सूचनांच्या मालिकेला, कळावी कशी?

संगणकात प्रक्रियक, स्मृती आणि बाहेरच्या जगाशी बोलणारी उपकरणे यांना जोडणाऱ्या तारांच्या जुडग्यास 'बस' म्हणतात. फळ्यावर हा शब्द लिहिताच वर्गात हशा पिकला, आणि मागच्या बाकावरून "बेळगाव–पणजी!" अशी आरोळी आली. आरोळी अगदीच अस्थानी नव्हती. दोन्ही शब्दांचे मूळ एकच आहे, लॅटिनमधील 'ऑम्निबस', अर्थात 'सर्वांसाठी'. रस्त्यावरची बस जशी सर्व उतारूंची, तशा या तारा सर्व उपकरणांच्या. जो बोलतो तो पत्ता पुकारतो, आणि ज्याचा पत्ता असेल त्याने ऐकावे. गंमत अशी की, पुष्कळ यंत्रांत उपकरणांनाही स्मृतीसारखेच पत्ते दिलेले असतात. १९७० साली अमेरिकेत निघालेल्या पीडीपी–११ या यंत्रात पत्त्यांच्या शेवटच्या आठ किलोबाइटांची वस्ती उपकरणांसाठी राखून ठेवलेली असे. त्या वस्तीतील एखाद्या घरात तुम्ही आकडा ठेवला तर तो तेथे पडून राहत नाही. कोठे तरी दिवा लागतो, कोठे तरी चक्र फिरते. आणि त्या घरात डोकावले तर आपण ठेवलेला आकडा दिसत नाही, बाहेरच्या जगाची त्या क्षणीची स्थिती दिसते. घर दिसायला साधे, पण त्याला मागचे दार आहे. आमच्या सतराव्या सुईचे घर असेच होते.

मग कार्यक्रमाने सरळ त्या घरी जाऊन पाहावे. पण तसे होत नाही, कारण मध्ये राखणदार असतो. संगणकाची मुख्य प्रणाली, तिचा गाभा ज्याला कर्नेल म्हणतात, ती साध्या कार्यक्रमाला खऱ्या पत्त्यांवर फिरकू देत नाही. तिने प्रत्येक कार्यक्रमाला त्याचे स्वतःचे, काल्पनिक पत्त्यांचे गाव वसवून दिलेले असते. त्या गावातील कोणता पत्ता खऱ्या कोणत्या पत्त्यावर जातो याची वही तिच्याकडे असते, आणि ही वही साधारणतः चार हजार शहाण्णव बाइटांच्या पानापानांनी लिहिलेली असते. आपल्या शाळेतच पाहा ना. प्रयोगशाळेच्या कोठारात आम्ल आहे. कोणीही विद्यार्थी उठून तेथे जाऊ लागला तर काय होईल? म्हणून अर्ज करायचा, शिपायाने बाटली आणून द्यायची. ही पद्धत सुरक्षित, पण प्रत्येक थेंबासाठी अर्ज. दुसरी पद्धत अशी की, मुख्याध्यापकांनी विश्वासातील एका विद्यार्थ्यास कोठाराची एक खिडकी उघडून द्यावी: यातून हात घाल, हवे ते घे. 'एममॅप' नावाच्या विनंतीने नेमके हेच घडते. 'डेव्ह–मेम' नावाची एक फाईल असते, जी खरे पाहता फाईल नव्हेच. ती यंत्राच्या सर्व भौतिक पत्त्यांचे दर्शनी रूप आहे. सर्वाधिकार असलेल्या कार्यक्रमाने ती उघडावी, अमुक पत्त्यापासून एक पान माझ्या गावात आणून लाव असे सांगावे, म्हणजे खिडकी उघडली. त्यानंतर कर्नेल विचारीत नाही. तुम्ही आणि यंत्र, मध्ये कोणी नाही.

आम्हाला हा मार्ग मोहक वाटला, हे कबूल केले पाहिजे. टिचक्या मोजून देणारी तयार साधने होती. ती वापरली असती तर हा लेख लिहिण्याचा प्रसंग आला नसता. पण मुलांनी यंत्राला हात लावावा, नुसता अर्ज करू नये, असे आमच्या मनाने घेतले. गोव्यातील आमच्या एका मित्राने आपला पहिल्या नमुन्याचा जुना फलक आणि त्यासोबत एक पुस्तक पाठविले. पुस्तकात सुयांच्या वस्तीचा पत्ता छापलेला होता: २०२०००००. हा आकडा आपल्या दशमान पद्धतीतला नव्हे, सोळावर आधारलेल्या पद्धतीतला आहे. तिच्यात नवानंतर ए, बी, सी, डी, ई, एफ ही अक्षरे आकड्यांचे काम करतात. दशमानात तो ५३,८९,६८,०६४ होतो. मुलांनी तो तोंडपाठ केला. त्या पत्त्यापासून बावन्न बाइट पुढे जे घर आहे तेथे सुयांची सद्यःस्थिती दिसते. त्यातील सतरावे बिट शून्य झाले की टिचकी झाली. २०१९ च्या जूनमध्ये पहिल्या पावसाबरोबर पडद्यावर पहिला एक उमटला, आणि खोलीत जो ओरडा झाला तो ऐकून शेजारच्या वर्गातील बाई धावत आल्या.

एक लहानसा धडा मध्येच मिळाला तो सांगतो. एका मुलाने कार्यक्रम जलद व्हावा म्हणून भाषांतरकाला, म्हणजे आपल्या सूचना यंत्राच्या भाषेत उतरविणाऱ्या साधनाला, काटकसर करावयास सांगितले. त्याबरोबर मोजणी बंद पडली. भाषांतरकाने असा शहाणपणा केला होता की, हे घर मी एकदा पाहिले आहे, त्यात मी काही बदलले नाही, तेव्हा पुन्हा पाहायचे कशाला? त्या घराला मागचे दार आहे हे बिचाऱ्यास ठाऊक नव्हते. 'व्होलाटाईल' हा एक शब्द लिहून त्यास बजावावे लागले की, प्रत्येक वेळी स्वतः जाऊन पाहा, मागच्या आठवणीवर विसंबू नको. तो शब्द मुलांना इतका आवडला की पुढे महिनाभर गृहपाठ न केलेल्या मुलाला ते 'व्होलाटाईल' म्हणत. असो.

जुलैअखेर मित्राला त्याचा फलक परत हवा होता. पालकांनी वर्गणी काढून तिसऱ्या नमुन्याचा, २०१६ साली निघालेला, अधिक सामर्थ्याचा फलक आणून दिला. ३ ऑगस्ट, शनिवारी सायंकाळी आम्ही जुन्या फलकातील कार्ड काढून नव्यात घातले. पाऊस लागला होता, वीज जाऊन येऊन होती, आणि फलक घेऊन जाणारा गृहस्थ गोव्याच्या शेवटच्या गाडीसाठी दारात उभा होता. कार्यक्रम सुरू झाला. त्याने काही तक्रार केली नाही. यंत्राच्या पत्त्यांची यादी पाहण्याची एक सोय असते, आणि प्रत्येक वेळी ती पाहावी असे आम्हीच मुलांना शिकविले होते. त्याप्रमाणे तो वाडीवरचा विद्यार्थी यादी पाहत होता. तो एकदम म्हणाला,

"सर, हांगा आंकडो वेगळो आसा. पयलींचो न्हय."

येथे आकडा निराळा आहे, पूर्वीचा नव्हे. वाक्य सरळ होते, आणि ते आम्हाला समजले. आमची स्वतःची मातृभाषा कोकणी आहे. आमच्या आईने आम्हाला दुसऱ्या भाषेत कधी हाक मारलेली नाही. परंतु आम्ही मराठीचे शिक्षक. वर्गात कोकणी बोललात तर परीक्षेत 'पावस' लिहाल, असा धाक आम्ही वर्षानुवर्षे घालत आलो होतो. आणि तो धाक आम्हाला आमच्या शिक्षकांकडून वारशाने मिळालेला होता. आम्ही त्याच्याकडे न पाहताच म्हणालो, "आधी शुद्ध भाषेत विचारायला शीक. पुस्तकात छापले आहे ते खोटे का?" मुले हसली. त्याने यादी बंद केली. दारातील गृहस्थ घाई करीत होते. आम्ही नरसाळ्यावरील झाकण काढले आणि खोलीस कुलूप लावले.

त्या आठवड्यातील पाऊस बेळगाव जिल्ह्यातील कोणी विसरणार नाही. मलप्रभा, घटप्रभा, कृष्णा सर्व एकदम चढल्या. नविलुतीर्थाच्या धरणातून पाणी सोडावे लागले, आणि खालच्या गावांत घरे गेली. आमच्या येथे शाळा बंद होती, रस्ता बंद होता. मुलांनी साडेआठची मोजणी मात्र सोडली नाही; मोजपात्र रिते करून पुन्हा पुन्हा भरावे लागे. तो वाडीवरचा मुलगाही दोनदा इरले घेऊन, ओढा उतरेल तसा वाट पाहत, आला. खानापुरास मावशीच्या अंगणात पाणी कोणत्या वेळी आले हे त्याने फोनवरून विचारून, मिनिटासकट कागदावर लिहून आणले होते. तो कागद त्याने प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून खिशात ठेवला होता. आता फक्त आमच्या यंत्राने कणकुंबीची वेळ सांगायची होती.

गुरुवारी आम्ही खोली उघडून नोंद काढली. तासामागून तास, दिवसामागून दिवस, एकच आकडा होता. शून्य.

शेजारी उभ्या असलेल्या पाच-सहा मुलांदेखत आम्ही त्याला म्हणालो की, तार तू बसवली होतीस, सैल राहिली असणार. तुझ्या हलगर्जीपणाने साऱ्या शाळेचे काम वाया गेले. तो काही बोलला नाही. मान खाली घालून त्याने तार ओढून पाहिली. तार घट्ट होती. तो घरी निघून गेला.

त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. ती पश्चात्तापाने आली नाही असे म्हटले तर लेखाला शोभेल, पण खरे कारण हट्ट हे होते. कंदील घेऊन आम्ही शाळेत गेलो, द्रोण हाताने हलवून पाहिले, मीटर लावून पाहिले. टिचकी होत होती. ती सुईपर्यंत पोहोचत होती. कार्यक्रम मात्र ढिम्म. तेव्हा कोठे ती यादी उघडली. यादीतील ओळ अशी होती: डावीकडे ३एफ२०००००, आणि उजवीकडे त्याच वस्तूचे नाव, जीपीआयओ, त्याला चिकटून ७ई२०००००. आमच्या पुस्तकातील २०२००००० हा आकडा त्या ओळीत कोठेच नव्हता.

हे कोडे उलगडायला दोन दिवस लागले. या फलकातील मुख्य चकतीच्या कर्त्यांनी उपकरणांना चकतीच्या आतल्या बसवर जे पत्ते दिले आहेत ते ७ई ने सुरू होतात. हे झाले बसचे पत्ते. प्रक्रियकाला तीच उपकरणे निराळ्या पत्त्यावर दिसतात. मध्ये एक पत्ते बदलणारा विभाग बसलेला असतो. पहिल्या नमुन्यात प्रक्रियकाच्या बाजूचा पत्ता २० ने सुरू होत असे. दुसऱ्या व तिसऱ्या नमुन्यांत स्मृती वाढून एक गिगाबाइट झाली, तेव्हा उपकरणांची वस्ती उठवून ३एफ वर, त्या गिगाबाइटाच्या अगदी टोकाला नेली. २०१९ सालीच निघालेल्या चौथ्या नमुन्यात ती आणखी वर, एफई वर गेली. आणि या सर्वांवर तिसरा पत्ता कार्यक्रमाच्या स्वतःच्या काल्पनिक गावातला, जो दर वेळी निराळा. घर एक, पत्ते तीन. त्यात नवल ते काय? आमच्या गावात ज्या जागी पाणी शेंदतात तिला कोणी विहीर म्हणतो, कोणी बांय, कोणी बावी. तिघेही त्याच पाण्याने तहान भागवतात. आम्ही मात्र पुस्तकातील एक नाव धरून ते नसलेल्या ठिकाणी पोहरा सोडून बसलो होतो.

आणि नसलेल्या ठिकाणी म्हणजे कोठे? नव्या फलकात २०२००००० या पत्त्यावर मोकळे रान नव्हते. तेथे साधी स्मृती होती, साऱ्या स्मृतीच्या जवळजवळ मध्यावर. आमचा कार्यक्रम सहा दिवस कोणा परक्याच्या घरात डोकावून "पाऊस आला का?" असे विचारीत होता, आणि तेथे साहजिकच पाऊस नव्हता. याहून लाजिरवाणी गोष्ट अशी की, सुरुवातीस सुईला 'तू ऐकणारी' असे सांगण्यासाठी आम्ही त्या पत्त्याच्या चार बाइट पुढील घरातील तीन बिटे पुसून शून्य करीत होतो. ती तीन बिटे कोणाची होती? त्या रात्री तेथे दुसऱ्या एखाद्या कार्यक्रमाचा हिशेब असता तर तो बिघडला असता, यंत्र बंद पडले असते, कार्डावरील सर्व नोंदी नासल्या असत्या. सर्वाधिकार असलेल्याची चूक कोणी अडवत नाही, कारण अडविणाऱ्यालाच त्याने बाजूला सारलेले असते. पुष्कळ नव्या प्रणालींत डेव्ह–मेममधून साध्या स्मृतीला हात लावू देत नाहीत. आमच्या जुन्या कार्डावर ती तटबंदी नव्हती.

सोमवारी पहिल्या तासाला आम्ही वर्गात गेलो. फळ्यावर तीन आकडे लिहिले. कोणता आकडा कोणाचा हे समजावून सांगितले, आणि शनिवारी सायंकाळी वर्गातील एकाच माणसाने योग्य आकडा वाचला होता, हेही सांगितले. मग त्याच्या बाकापाशी गेलो. मराठीत बोलावयाचे ठरवून गेलो होतो. वाक्यही तयार होते, बऱ्यापैकी अलंकृत. परंतु तोंडून निघाले ते हे:

"चूक म्हजी आसली, तुजी न्हय."

वर्ग स्तब्ध झाला. आमच्या तोंडून शाळेत कोकणी त्यांनी प्रथमच ऐकली. तो उभा राहिला, थोडा गोंधळला, आणि म्हणाला, "जाता तें, सर. आतां तो आंकडो घालूंया?"

तो आकडा घातला. द्रोण हलविताच एक उमटला. यावेळी कोणी ओरडले नाही.

पुढे त्याने स्वतःच शोधून काढले की, २०१५ पासून या फलकांवर 'जीपीआयओमेम' नावाची दुसरी एक खिडकी मिळते. तिच्यातून केवळ सुयांची वस्तीच दिसते, शेजारची घरे दिसत नाहीत. पत्ता सांगावा लागत नाही, आणि सर्वाधिकारही लागत नाही, त्या कामाच्या गटात नाव असले म्हणजे पुरे. आम्हाला ही रचना पहिलीपेक्षा सुसंस्कृत वाटते. त्यानंतरच्या प्रणालींत कर्नेलनेच टिचक्यांची दखल घेऊन, वेळेसकट, कार्यक्रमाला कळविण्याची सोय झाली आहे. आणि २०२३ च्या पाचव्या नमुन्यात तर सुया मुख्य चकतीतून उठून एका वेगळ्या चकतीवर, दुसऱ्या बसच्या पलीकडे गेल्या, त्यामुळे जुन्या पुस्तकांतील सगळेच पत्ते तेथे निकामी झाले. आम्ही आज हे शिकवितो तेव्हा दोन्ही मार्ग दाखवितो. थेट खिडकीचा मार्ग वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. जेथे क्षणाचाही विलंब परवडत नाही तेथे जाणते लोक आजही तो वापरतात, आणि यंत्र म्हणजे काय हे त्याच्यासारखे दुसरे काही शिकवीत नाही. फक्त खिडकी उघडण्यापूर्वी यादी वाचावी, आणि दुसऱ्या कोणी ती वाचली असेल तर त्याचे ऐकावे.

ऑगस्ट २०१९ च्या त्या रात्रींचा ताशी पाऊस मात्र गेला तो गेलाच. पर्जन्यमापकाच्या वहीत साडेआठचे आकडे आहेत, पण ढग कोणत्या तासाला फुटले हे कोठेही लिहिलेले नाही. मावशीच्या अंगणातील वेळेचा कागद आमच्याजवळ आहे. त्याच्या जोडीचा कागद नाही. पुढील पावसाळ्यांत त्या मुलाने जोड्या जमविल्या, पण तितके पाणी पुन्हा चढले नाही, आणि थोड्या पाण्यावरून मोठ्या पाण्याचा अंदाज बांधता येत नाही असे तो सांगे. तो आता बेळगावास पदविकेचा अभ्यास करतो. पावसाळ्यात सुट्टी मिळाली की येऊन द्रोणाचा चुंबक पुसून जातो.

वही त्याच्याच हस्ताक्षरात सुरू झालेली आहे. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर त्याने 'पावस' असे लिहिले आहे. तपासणीस आलेल्या एका गृहस्थांनी परवा त्यावर बोट ठेवून आमच्याकडे पाहिले. आम्ही म्हणालो, "मिलिमीटरमध्ये आहे," आणि पान उलटले.